दुसरा क्रमांक आणि एकशे सव्विसावा



कर्जत म्हटले की आपल्यापैकी अनेकांना अहिल्यानगर जिल्ह्यातले ज्वारीचे कर्जत आठवते. मी बोलतो आहे ते रायगडातले कर्जत आणि त्याच्या शेजारचे खालापूर. हा सगळा भाताचा मुलूख. तिथल्या भातखाचराशी आपल्या कोरडवाहू कापसा-ज्वारीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो देशाच्या घटनेतून जातो.

या दोन तालुक्यांत कसणारा एक आणि मालक दुसराच, अशी पुष्कळ जमीन होती. 1948 चा मुंबई कूळकायदा आला, पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून कायद्याने कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ज्याचे नाव कूळ म्हणून कागदावर होते, त्याला सातबारा मिळाला. ज्या कातकरी-ठाकरांची नोंदच झाली नव्हती, ते कोरडेच राहिले. तरीही कायदा न्यायाचा होता. कोकणातली खोती मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1937 सालीच मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले होते. ती मागणी कसणाऱ्याची होती.

घटना 26 जानेवारी 1950 ला लागू झाली. मार्च 1951 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी मोडणारा कायदा रद्द ठरवला. सरकार घाबरले. पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आत, जून 1951 मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने कलम 31 ब आणि नववे परिशिष्ट आणले. या परिशिष्टात जो कायदा बसेल, तो मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून रद्द होणार नाही, असे ठरले. सुरुवातीला त्यात तेरा कायदे होते, सगळे जमीनसुधारणेचे. दुसऱ्या क्रमांकावर कर्जत-खालापूरच्या कुळांचा हाच कूळकायदा होता.

इथवर तक्रार करण्यासारखे थोडे. पण कुळासाठी उघडलेले दार मग बंद झालेच नाही. तेराचे 284 कायदे झाले. आणीबाणीत, 1976 साली, चाळिसाव्या दुरुस्तीने एकशे सव्विसाव्या क्रमांकावर एक कायदा आत शिरला, 1955 चा आवश्यक वस्तू कायदा. त्याच्या मूळ यादीत अन्नधान्य होते, म्हणजे आपली ज्वारी होती. कच्चा कापूस होता, सरकीही होती. साठ्यावर मर्यादा, वाहतुकीवर बंदी, लेव्ही, ठरवून दिलेला भाव, हे सगळे करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला. यात जमीनदार कुठे आहे? कुळासाठी बांधलेल्या कोटाच्या आडून सरकारने कुळाच्याच खळ्यावर हात टाकला.

त्यानंतर 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. आता तो कलम 300 अ मधला साधा कायदेशीर हक्क उरला आहे.

कोणी म्हणतात, नवव्या परिशिष्टाला हात लावाल तर कुळांच्या जमिनी परत जातील. ही भीती खरी नाही. 11 जानेवारी 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 24 एप्रिल 1973 नंतर परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीवर तपासता येतील, असे सांगितले. कूळकायदा त्या तारखेआधीचा आहे, आवश्यक वस्तू कायदा नंतरचा. म्हणून आपली मागणी नेमकी असावी. दुसरा क्रमांक राहू द्या, एकशे सव्विसावा काढा.

एवढ्याने भाव मिळेल, असे मी सांगत नाही. आयात-निर्यातीचे धोरण वेगळे आहे, ती लढाईही वेगळी आहे. पण शेतकऱ्याच्या मालावर हात टाकणाऱ्या सरकारला इतरांप्रमाणेच कोर्टात उत्तर द्यावे लागले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कलम 31 अ मध्ये 1964 साली एक परंतुक घातले गेले. स्वतः कसत असलेली, कमाल मर्यादेच्या आतली जमीन सरकारला घ्यायची असेल, तर मोबदला बाजारभावापेक्षा कमी देता येत नाही. खालापुरातून द्रुतगती मार्ग गेला, कर्जतला शेतघरे उठली. रस्ता आणि कारखाना उद्या तुमच्या बांधावरही येईल. त्या दिवशी हे परंतुक तोंडपाठ पाहिजे.

घटनेला नमस्कार सगळेच करतात. आपण ती वाचू या. जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने ग्रामसभेचा ठराव आणावा, एका ओळीचा: आवश्यक वस्तू कायदा नवव्या परिशिष्टातून काढा. गावागावाचे ठराव एकत्र बांधून आपण खासदारांच्या हाती देऊ, आणि उत्तर लेखी मागू.