औषधाच्या पट्टीवरची मुंगीएवढी अक्षरे

चाळिशी हा शब्द आपल्याकडे वयालाही आहे आणि चष्म्यालाही. चाळीस उलटली की जवळचे अंधुक दिसू लागणार, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. औषध कंपन्यांना ते अजून कळलेले दिसत नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या रोज घेणारी माणसे बहुतांशी पन्नाशी-साठीची, आणि पट्टीवरची अक्षरे मुंगीएवढी!

मोतीबिंदू होऊ लागलेल्या डोळ्याचे तर नुसती अक्षरे मोठी करूनही भागत नाही. त्याला चकाकी सोसत नाही, फिक्या रंगांतला फरक कळत नाही. चंदेरी पट्टीवर शाईशिवाय नुसती दाबून उठवलेली मुदतीची तारीख त्याच्या लेखी नसल्यातच जमा. शिवाय ती पट्टीच्या एकाच टोकाला. दुकानदाराने पट्टी कापली की एका गिऱ्हाइकाला तारीख मिळते, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या.

खरी भीती थेंबांच्या बाटल्यांची. कानाची आणि डोळ्याची बाटली कित्येकदा एकाच आकाराची, एकाच पांढऱ्या रंगाची असते. कानाचे औषध डोळ्यात गेले तर डोळा जळजळतो, लाल होतो, बुबुळालाही इजा होऊ शकते. (असे झाल्यास डोळा पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा.) घरचे मात्र म्हणतात, ‘‘आजी, बघून तरी घालायचे!’’ आजीने बघूनच घातलेले असते. चूक बाटलीची.

हे अवघड आहे म्हणावे, तर जपानच्या काओ कंपनीने १९९१ सालीच शाम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचा ठेवल्या. कंडिशनरची बाटली कोणती, हे बोटांनाच कळावे म्हणून. डोळे मिटून डोके धुणाऱ्या डोळस माणसाचीही त्यात सोय झाली. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव सक्तीचे केले. आपल्याकडे शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने चालना द्यावी, असे कलम आहे. नोटेला जे जमते ते औषधाच्या बाटलीला का जमू नये?

तोवर दुकानदाराकडे तारखेचे टोक मागून घ्या आणि गोळ्या दुसऱ्या बाजूने काढत जा. डोळ्याच्या बाटलीला रबरबँड गुंडाळा, कानाच्या बाटलीला नको. नवी बाटली आणली की आधी रबरबँड, मग झाकण उघडायचे.