आधी पत्रा, मग रंग!

जुनी पद्मिनी म्हटली की सगळ्यांना पहिला प्रश्न रंगाचाच पडतो. गॅदरिंगसाठी आपण जी गाडी उभी करतोय, तिचंही तेच. वर्गणी जमली, क्रीम रंग ठरला, सीट कव्हर्ससुद्धा ठरली! मागचे पाटे बॉडीला जिथे जोडलेत, तिथे मात्र कुणी वाकून पाहिलं नाही. मी पाहिलं, म्हणून हा लेख.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. हिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. पाट्याचं पुढचं टोक रबरी बुश घालून बोल्टने बॉडीत अडकवलेलं, मागचं शॅकलवर, कारण पाटा दबला की लांबतो. म्हणजे चाकांनी गाडी ढकलायची ती त्या पुढच्या बोल्टमधूनच, ब्रेकचा हिसकाही तिथेच. बुश झिजलं की लोखंडावर लोखंड घासतं आणि भोक लंबगोल होतं. (हा शब्द रूममेटचा, कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'ओव्हल'च म्हणायचो.) त्यात खारी हवा. पत्रा दोन थरांमधून आतल्या आत सडतो. वरून अंडरकोट काळाकुळकुळीत, स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार!

गॅरेजवाले काका म्हणतात, "पट्टी मारून देतो ताई, तासाभराचं काम." पण गंजावर वेल्डिंग धरत नाही. आणि जाड पट्टी पातळ पत्र्याला डकवली की तडा तिच्या कडेने जातो. 'स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन' म्हणून आपण परीक्षेत पानभर लिहितो, ते हेच की! भोक वाढवून मोठा बोल्ट घालणं तर त्याहून वाईट. कडेचा उरलासुरला पत्राही जातो.

नीट करायचं तर आधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा. बॉडीला आधार देऊन ओळंब्याने सगळी मापं जमिनीवर खडूने उतरवा, कर्णसुद्धा. मग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा, एका वेळी एकच बाजू. त्याच जाडीचा तुकडा, आधी टाके, पुन्हा माप, मगच पूर्ण वेल्डिंग. माप चुकलं तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालेल. शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच कसा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि २०२३ मध्ये तिची वीस वर्षं भरली. आता उरल्यात त्या बहुतेक हौसेच्या, फोटोपुरत्या. आपली मात्र फोटोपुरती राहणार नाही. मागे चार जण कोंबणार, टपावरही कुणी चढणार. आपण एकमेकांना चांगले ओळखतो!

म्हणून रंगाचे पैसे पत्र्याला द्या. गॅदरिंगला गाडी लाल प्रायमरमध्ये आली तर येऊ दे. वर्कशॉपच्या सरांनी दोन रविवार शेड उघडी ठेवायचं कबूल केलंय. नाश्ता झाला की या, जुने कपडे घालून.