विश्लेषण : तरुण सॅक्सोफोनवादकांना राष्ट्रीय पुरस्काराची वाट कोणती?

शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावाला सॅक्सोफोन नवा नाही. वरातीपुढच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या जोडीला हे वाद्य असते. मात्र ते वाजवणाऱ्या एखाद्या तरुणाला जॅझकडे वळून राष्ट्रीय पातळीवर स्वतःला जोखून पाहायचे असेल, तर त्याने जायचे कुठे? ब्रिटनमध्ये याचे थेट उत्तर आहे. भारतात पुरस्कार आहेत, स्पर्धाही आहेत. पण या वादकासाठी दार कुठे आहे, हे शोधावे लागते.

ब्रिटनमध्ये काय व्यवस्था आहे?

बीबीसीची ‘यंग म्युझिशियन’ स्पर्धा १९७८ पासून होते. तिच्यात २०१४ मध्ये जॅझसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. तरुण वादक त्यात उतरतात आणि अंतिम फेरीत अनुभवी साथीदारांसह वाजवतात. पहिला पुरस्कार अलेक्झांडर बोन या सॅक्सोफोनवादकाला मिळाला. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमचा सॅक्सोफोनवादक झोसा कोल विजेता ठरला. तो घडला सामुदायिक संगीतशाळेत. जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक अँडी हॅमिल्टन यांनी बर्मिंगहॅमच्या लेडीवूड भागात ही शाळा उभी केली होती. वस्तीतली शिकवणी आणि राष्ट्रीय मंच या दोन टोकांमधला रस्ता तिथे तयार होता.

भारतात असा पुरस्कार का नाही?

तरुण कलावंतांसाठी संगीत नाटक अकादमीचा ‘उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार’ २००६ मध्ये सुरू झाला. वयोमर्यादा ४० वर्षे, रक्कम २५ हजार रुपये. मात्र ही मंचावर होणारी स्पर्धा नव्हे. शिफारशींमधून नावे निवडली जातात. विभागणीही वाद्यापेक्षा परंपरेनुसार होते : हिंदुस्थानी, कर्नाटक, लोकसंगीत वगैरे. जॅझ नावाचा वेगळा विभाग नाही. त्यामुळे वादक किती तयारीचा आहे, या प्रश्नाआधी तो कोणत्या परंपरेचा, हा प्रश्न येतो.

मग सॅक्सोफोनला सन्मान मिळालाच नाही का?

मिळाला, पण शास्त्रीय संगीताच्या दारातून. मंगळूर परिसरातील कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये हे वाद्य ऐकले आणि त्यावर कर्नाटक संगीत बसवले. सॅक्सोफोनवर कळा दाबून ठरावीक स्वर निघतात. गमक काढणे कठीण. त्यासाठी त्यांनी वाद्यात बदल केले आणि अनेक वर्षे साधना केली. १९८० मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांच्यासह ते मंचावर आले. २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची ओळख कर्नाटक संगीताचे विद्वान अशीच राहिली.

याउलट गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस जॅझ वाजवत राहिले आणि त्यात रागांचे प्रयोगही केले. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन हिंदी चित्रपटगीतांतून घरोघरी पोहोचला. गोव्याच्या अनेक वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ आणि चित्रपटांचे वाद्यवृंद दोन्ही सांभाळले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली.

ग्रामीण वादकासाठी आज काय उपलब्ध आहे?

एक वाट महाविद्यालयातून जाते. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य वाद्यवादनाची एकल स्पर्धा असते. महाविद्यालय, विद्यापीठ, पश्चिम विभाग आणि मग राष्ट्रीय फेरी असा तिचा प्रवास. शिरूर तालुका सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला हे दार खुले आहे. पण त्यासाठी नियमित विद्यार्थी असावे लागते आणि वय पंचविशीच्या आत हवे. शिक्षण सोडून बँडमध्ये गेलेला मुलगा पहिल्याच अटीत बाद होतो.

दुसरी वाट परीक्षांची. लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संस्थांच्या श्रेणी परीक्षांत जॅझ सॅक्सोफोनचाही अभ्यासक्रम असतो. त्यातून प्रमाणपत्र मिळते, मंच नाही. शिवाय शुल्क आणि शिक्षक, दोन्हींसाठी पुणे गाठावे लागते. केंदूरहून ते सुमारे ५० किलोमीटर.

स्पर्धा नसल्याने नेमके काय अडते?

जॅझमध्ये वादकाने ऐन वेळी, साथीदारांचे ऐकत, धून रचत न्यायची असते. बँडवाल्याला कानाने गाणे उचलण्याची आणि तासन्‌तास दम टिकवण्याची सवय असते. ही जमेची बाजू आहे. कमी पडते ते स्वरसंगतीचे शिक्षण आणि सोबत वाजवणारे जाणकार साथीदार. राष्ट्रीय स्पर्धा असली की तिच्यासाठी शिकवणारे, ऐकणारे आणि पैसा लावणारे तयार होतात. वर्षभराच्या रियाजाला एक तारीख मिळते. ती नसल्याने बँडमधल्या मुलाची तयारी लग्नाच्या तिथींवर चालते. हंगाम संपला की कमाई थांबते आणि वाद्य पेटीत जाते.

उपाय काय असू शकतो?

त्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. युवा पुरस्कारात जॅझला नावानिशी जागा देता येईल. युवक महोत्सवाच्या धर्तीवर महाविद्यालयाबाहेरच्या तरुणांसाठी खुली फेरी घेता येईल. त्याआधी तालुक्याच्या पातळीवर बँडच्या वादकांना पावसाळ्यात, म्हणजे काम नसलेल्या महिन्यांत, शिकवणी मिळाली तरी सुरुवात होईल. नुसता पुरस्कार जाहीर केला आणि शिकवणीची सोय केली नाही, तर त्या फेरीतही शहरातलेच चेहरे दिसतील.