जड झालेले हात

रफिदीम येथे अमालेकाशी झालेल्या लढाईचा वृत्तांत आपण दर वर्षी बेशलाहच्या पाराशात ऐकतो. मोशे राबेनू टेकडीच्या माथ्यावर हात उंचावून उभे राहिले. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई आणि ते खाली आले की अमालेकाची. काही वेळाने मोशेंचे हात जड झाले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्यांना बसावयास एक धोंडा आणून दिला आणि दोघांनी दोन बाजूंनी त्यांचे हात सावरून धरले. सूर्यास्तापर्यंत ते हात स्थिर राहिले. या प्रसंगाचे आध्यात्मिक विवरण आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ केले आहे. आज मला त्यातील एका साध्या, शारीरिक गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. उंचावलेले हात थकतात. ते मोशेंचे असले तरी थकतात. ते थकले तेव्हा कोणी त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेतली नाही. धोंडा आणला गेला आणि दोन माणसे शेजारी उभी राहिली.

हात उंचावून काम करणारा एक व्यवसाय आज आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपल्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे खूणभाषेच्या दुभाष्याचा. २०२० च्या साथीत आणि ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धकाळात दूरदर्शनच्या पडद्यावर, सूचना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूला किंवा पडद्याच्या कोपऱ्यात, ही व्यक्ती आपण सर्वांनी पाहिली. तिच्या हालचालींना आपल्यापैकी कित्येक जण ‘हातवारे’ म्हणतात. ते हातवारे नव्हेत. इस्राएली खूणभाषा ही हिब्रूची नक्कल नसून स्वतःचे व्याकरण असलेली स्वतंत्र भाषा आहे. १९३२ साली यरुशलेम येथे कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, १९४४ साली तेल अवीव येथे कर्णबधिरांची संघटना स्थापन झाली, आणि देशोदेशींहून आलेल्या कर्णबधिर बांधवांच्या सहवासातून ही भाषा वाढली. तिच्यात चेहराही व्याकरणाचे काम करतो. ‘होय की नाही’ असे उत्तर मागणारा प्रश्न असेल तर भुवया उंचावतात. भुवया न उंचावल्यास प्रश्नाचे विधान होऊन बसते.

१९९८ च्या अपंग व्यक्तींच्या समान हक्कांच्या कायद्याने आणि २००५ च्या दूरदर्शन कार्यक्रमांतील मथळे व खूणभाषाविषयक कायद्याने या देशातील कर्णबधिर नागरिकांच्या हक्कांना बळ दिले. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु कागदावरचा हक्क कोणाच्या तरी मनगटांतून, खांद्यांतून आणि डोळ्यांतून प्रत्यक्षात उतरत असतो. त्या माणसाच्या प्रकृतीची काळजी कोणी वाहावयाची, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

प्रथम शरीराचा विचार करू. टंकलेखन करणाऱ्याचे हात मेजावर टेकलेले असतात, आणि थांबावेसे वाटले तर तो थांबू शकतो. दुभाष्याचे दोन्ही हात छातीपुढे निराधार असतात. बोटे, मनगटे, कोपर आणि खांदे अखंड हलत असतात आणि त्यांची गती ठरविणारा दुसराच कोणी असतो. दोन कर्णबधिर मित्र गप्पा मारतात तेव्हा एक बोलतो, दुसरा पाहतो. हातांना आपोआप विसावा मिळतो. व्याख्यानाचा दुभाषी मात्र वक्ता थांबेपर्यंत थांबत नाही. अशा श्रमाने स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सुजतात. मनगटातील अरुंद मार्गातून जाणारी नस दाबली गेली म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. मान आणि खांदे आखडतात.

अमेरिकेत रॉचेस्टर येथे कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय तांत्रिक संस्था आहे. तेथे वर्गावर्गांतून दुभाषी काम करतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील अनेक दुभाष्यांना हाताच्या दुखण्याने गाठले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेदना असलेल्या आणि नसलेल्या दुभाष्यांची काम करण्याची रीत ताडून पाहण्यात आली. वेदना असलेले दुभाषी विश्रांतीसाठी कमी वेळा थांबत होते, मनगट सरळ रेषेतून अधिक वेळा वाकवीत होते, हात सोयीच्या कक्षेबाहेर अधिक वेळा नेत होते आणि त्यांच्या हालचालींचा वेगही अधिक होता. पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसून आले की, भाषणाचा वेग वाढला की मनगटाच्या हालचालीचा वेग वाढतोच, शिवाय मानसिक ताण दिला असताही तो वाढतो. म्हणजे मन आणि मनगट यांची दुखणी निरनिराळी समजण्याचे कारण नाही.

आता अवधानाचा विचार. दुभाषी एक वाक्य खुणांनी सांगत असतो तेव्हा पुढचे वाक्य त्याच्या कानांवर पडत असते आणि मागच्या वाक्यात काही सुटले काय, हेही तो तपासत असतो. ही तिहेरी कसरत किती वेळ टिकावी? आम्ही शिक्षक तासिकेच्या मध्यावर मुलांचे लक्ष विस्कटले की फळ्याकडे वळतो, एखादे उदाहरण घालतो, कोणाला तरी वाचावयास सांगतो. दुभाष्याला असा उपाय नाही. म्हणूनच दीर्घ कामासाठी दोन दुभाषी असावेत आणि त्यांनी साधारणतः पंधरा ते वीस मिनिटांनी पाळी बदलावी, अशी रीत या व्यवसायात रूढ झाली आहे. मौखिक भाषांतर करणाऱ्या दुभाष्यांवर बार्बरा मोझर-मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत फार उद्बोधक आहे. अर्ध्या तासाच्या पलीकडे काम चालू ठेवले असता चुका वाढत गेल्या. पण दुभाष्यांना आपल्या कामाचा दर्जा घसरल्याची तितकी जाणीव नव्हती. यास्तव ‘थकलात तर सांगा’ एवढे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. विश्रांतीची वेळ आधीच ठरलेली असावी लागते. एखाद्या दवाखान्यात ‘ही गोळी घ्यावयाची नाही’ यातील ‘नाही’ थकलेल्या हातातून निसटले तर त्याचे परिणाम कर्णबधिर रुग्णाला भोगावे लागतात.

हे शहाणपण आपल्याला परके नाही. प्राचीन काळी सभास्थानात तोराचे वाचन हिब्रूत होई आणि त्याचा अरामी अर्थ सांगण्यासाठी शेजारी मेतुरगेमान उभा असे. आजही हिब्रूत दुभाष्याला हाच शब्द आहे. मिश्नातील मेगिल्ला या प्रकरणात असा दंडक आहे की, वाचकाने मेतुरगेमानासाठी तोरातील एका वेळी एकाहून अधिक वचन वाचू नये. नबींच्या ग्रंथांत ही मर्यादा तीन वचनांची आहे. येथे मर्यादा दुभाष्याला घातलेली नसून वाचकाला घातलेली आहे. अर्थ शुद्ध राहावा असे वाटत असेल तर बोलणाऱ्याने आपला वेग आवरावा, हे तत्त्व आपल्या पूर्वजांनी सभास्थानाच्या नियमांतच घालून ठेवले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी दिसणारी आहे. दुभाषी प्रथमपुरुषी बोलतो. ‘त्यांना कर्करोग झाला आहे’ असे तो म्हणत नाही. रुग्णाच्या वतीने ‘मला किती दिवस उरले आहेत?’ असे विचारतो, आणि पुढच्याच क्षणी वैद्याच्या वतीने त्याचे उत्तर देतो. न्यायालयात अत्याचार झालेल्या स्त्रीचा ‘मी’ तोच आणि आरोपीचा ‘मी’ही तोच. दुसऱ्याचे दुःख असे स्वतःच्या देहातून वाहून नेल्यावर ते सगळे बाहेर पडत नाही, काही आत राहते. परंतु गुप्ततेच्या बंधनामुळे घरी येऊन जोडीदारापाशीही त्याची वाच्यता करता येत नाही. अमेरिकेतील रॉबिन डीन आणि रॉबर्ट पोलार्ड यांनी २००१ साली या व्यवसायाला एक जुना सिद्धान्त लावून दाखविला. कामाच्या मागण्या मोठ्या आणि त्यांवर आपला ताबा थोडा, अशी स्थिती झाली की माणूस खचतो, असा तो सिद्धान्त. दुभाष्यापुढील मागण्या केवळ भाषेच्या नसतात. खोलीतील उजेड, गोंगाट आणि बसण्याची जागा. समोरच्या माणसांतील तेढ. बोलणाऱ्याची अस्पष्ट बोली. आणि स्वतःच्या मनात उठणारे विचार व भावना, या सर्वांची त्यांत गणना होते. मागण्या कमी करणे दर वेळी शक्य नसते. ताबा वाढविणे पुष्कळदा शक्य असते.

या व्यवसायात येणाऱ्यांपैकी काही जण कर्णबधिर आईबापांची ऐकू येणारी मुले असतात. त्यांचे काम वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षीच, बँकेच्या खिडकीपाशी किंवा वैद्याच्या मेजासमोर, सुरू झालेले असते. त्यांना ‘मी थकलो’ म्हणणे अवघड जाते. कारण आईसाठी बोलताना थकावयाचे नसते, असे त्यांच्या मनावर लहानपणीच ठसलेले असते. बेने इस्राएल वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नसावी. १९५० आणि १९६० च्या दशकांत अलिया करून आलेल्या आपल्या कुटुंबांत शाळेत हिब्रू शिकलेली मुलेच आजी-आजोबांची जीभ झाली. कुपत होलिममध्ये आजीच्या पोटदुखीचे वर्णन करणारी नऊ वर्षांची नात कित्येकांच्या घरी होती. तिचे आपण कौतुक केले, ‘किती हुशार पोर’ म्हणून पाठ थोपटली, आणि तेथे ऐकलेल्या गोष्टींचे तिने पुढे काय केले असेल, हे विचारावयाचे मात्र राहून गेले. मूल हा दुभाषी नव्हे. वैद्यासमोर आणि कचेरीत प्रशिक्षित प्रौढ माणूसच असावा. तोपर्यंत मुलाच्या खांद्यावरील भार निदान ओळखला जावा.

दुभाष्यांनी स्वतःसाठी काय करावे, हे त्यांचे शिक्षक त्यांना सांगतातच: कामापूर्वी हात ऊबदार करावेत, खुणा लहान कक्षेत ठेवाव्यात, एकापाठोपाठ एक जड कामे घेऊ नयेत, रात्रीच्या मुंग्यांवर मलम चोळीत न बसता वैद्याकडे जावे, आणि मनावरचे ओझे नावगाव न सांगता अनुभवी सहकाऱ्यापाशी हलके करावे. शब्बाथची विश्रांती अनमोल आहे. पण आठवड्याची विश्रांती विसाव्या मिनिटाच्या विश्रांतीची जागा भरून काढीत नाही.

आपण यजमान काय करू शकतो, हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते. लग्न, बार मित्सवा, मलिद्याचा समारंभ, व्याख्यान किंवा शोकसभा यांस एखादा कर्णबधिर आप्त येणार असेल आणि आपण दुभाषी बोलावीत असू, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कार्यक्रम तासाभराहून मोठा असेल तर दोन दुभाषी बोलवावेत. एकावर भागविणे ही काटकसर नव्हे. भाषणे, आशीर्वाद आणि येणाऱ्यांची नावे आधी लिहून पाठवावीत. आपल्या सभांत वक्ता हिब्रूत आरंभ करतो, मराठीत रंगतो आणि इंग्रजीत आटोपतो. खूणभाषेच्या दुभाष्याला मराठी येत असेल अशी अपेक्षा करता येणार नाही. यास्तव मराठीचे हिब्रू करून त्याच्या कानाशी हलक्या आवाजात सांगणारा एक जाणकार माणूस शेजारी द्यावा. कीर्तन असेल तर त्याचे आख्यान आठ दिवस आधी कळवावे. उभे राहण्याची जागा उजेडात असावी, मागे झगमगते पडदे नसावेत, हाताशी पाणी आणि पाठीशी खुर्ची असावी. पाळी संपवून विसावलेल्या दुभाष्यापाशी जाऊन ‘ही खूण कशाची, ती कशाची’ असे प्रश्न विचारीत बसू नये. ती त्याची विश्रांतीची वेळ असते. जेवणाच्या पंगतीत त्याला दुभाषी म्हणून न बसविता पाहुणा म्हणून बसवावे. आणि दवाखान्यातून किंवा न्यायालयातून परतलेल्या दुभाष्याला ‘काय झाले तेथे?’ असे कधीही विचारू नये. ‘तुम्ही कसे आहात?’ असे अवश्य विचारावे.

आपल्या मंडळांचे वार्षिक अंदाजपत्रक तयार होते तेव्हा मंडप, ध्वनिक्षेपक आणि फराळ यांच्या रकमा न चुकता मांडल्या जातात. त्या यादीत दुभाष्यांसाठी एक ओळ घालावी, आणि त्या ओळीत एकाचे नव्हे, दोघांचे मानधन धरावे, एवढीच माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे.