मांजर शेजारचे, माती आपली

सकाळी सहाला दार उघडून तुळशीला पाणी घालायला जावे आणि बुंध्याशी माती उकरलेली दिसावी. वास नाकात शिरण्याआधीच काय घडले आहे ते कळावे! हा प्रसंग ज्यांच्या वाट्याला आलेला नाही त्यांनी हा लेख खुशाल सोडून द्यावा. तळमजल्यावर राहणाऱ्यांत असा भाग्यवान विरळाच.

आमची विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघाले की लागणारे पहिले स्टेशन. कल्याण पूर्व आणि उल्हासनगर यांच्या सांध्यावरची ही वस्ती. इथे 'बाग' हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो. माझी बाग म्हणजे इमारतीची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली सहा फूट रुंदीची पट्टी. एक जास्वंद, एक कढीपत्ता, सांडपाण्यावर पोसलेला अळू, दोन कुंड्यांत कोथिंबीर आणि मधोमध तुळस. एवढ्याशा जागेत शेजारच्या काकूंच्या तीन मांजरांनी आपली सोय करून घेतली होती. कोथिंबिरीची कुंडी त्यांना विशेष आवडे. भुसभुशीत माती, वरून ऊन, शिवाय भिंतीचा आडोसा. माणसालाही याहून अधिक काय हवे असते?

पाच-सहा वर्षे मी हे हसण्यावारी नेले. पण मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि हसणे संपले. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, "घरात मांजर आहे का?" घरात नाही, पण अंगणात तीन आहेत, असे आम्ही सांगितले. तेव्हा त्यांनी टॉक्सोप्लाझ्मा हे नाव उच्चारले.

हा सूक्ष्म परजीवी १९०८ साली सापडला. मात्र त्याच्या जीवनचक्रात मांजर नेमके कुठे बसते, हे कळायला १९७० साल उजाडावे लागले. लागण झालेल्या मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडीवजा बीजे बाहेर पडतात. गर्भारपणात आईला पहिल्यांदाच लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचून त्याच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. ऐकून माझ्या बायकोने त्याच दिवशी मुलीला अंगणात उतरायची बंदी केली. पण डॉक्टरीणबाईंनी पुढे जे सांगितले ते आम्ही घाबरलेल्या अवस्थेत नीट ऐकलेच नव्हते. ताजी विष्ठा लागण करीत नाही. त्या बीजांना पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, तेही दोन-तीन आठवडे, ती बाहेर टाकते. आणि माणसाला लागण होते ती पुष्कळदा अर्धकच्च्या मांसातून किंवा न धुतलेल्या भाजीतून. म्हणजे रोजच्या रोज घाण उचलली, हातमोजे घातले, कोथिंबीर नीट धुतली, तर धोका फारच थोडा उरतो. अडचण एवढीच, की मांजर आपली घाण झाकते, आणि झाकलेली न सापडली तर ती बीजे ओलसर मातीत महिनोन् महिने जिवंत राहतात. मांजराचा जो गुण आपण कौतुकाने सांगतो, तोच बागेत अंगाशी येतो.

मी काकूंकडे गेलो. जायला नको होते असे नाही. पण ज्या सुरात गेलो तो सूर चुकला. "तुमची मांजरं आवरा, नाहीतर मला काहीतरी करावं लागेल," असे मी म्हणालो. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या बाईला दारात उभे राहून असे म्हणायचे नसते. काकू एवढेच म्हणाल्या, "मुकं जनावर आहे, भाऊ. त्याला काय कळतंय?" आणि दार लावले. पंचवीस वर्षांत आमच्या दोन घरांमधून वाट्यांची जा-ये कधी थांबली नव्हती. त्या संक्रांतीला तिळगुळाची वाटी आली नाही.

इमारतीत बातमी पसरली तसे सल्लागार जमले. एकाने निळीच्या पाण्याच्या बाटल्या लावायला सांगितल्या. त्या मी लावल्या. तिसऱ्या दिवशी मांजर त्याच बाटलीला अंग घासत उभे होते. दुसऱ्याने डांबराच्या गोळ्या, तिसऱ्याने फिनाईल. चौथा मात्र संध्याकाळी एकटा गाठून हळूच म्हणाला, "मच्छीच्या डोक्यात औषध घालून ठेव. एका रात्रीत प्रश्न मिटेल." मी नाही म्हणालो, पण लगेच नाही म्हणालो, हे कबूल केले पाहिजे. मुलगी आत झोपली होती आणि अंगणात पुन्हा माती उकरलेली होती.

मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे आजी सांगायची. आजचा कायदा सोन्यावर भागवत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली विष घालणे हा गुन्हा आहेच, शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला विष घालून मारणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोसायटीत ठराव करून प्राणी पाळायलाच बंदी घालू म्हणावे, तर तेही चालत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना त्याच्या आड येतात. आणि डांबराच्या गोळ्या व फिनाईल? मांजराच्या यकृताला असली रसायने पचवता येत नाहीत. पायाला लागलेले ते चाटून घेते आणि त्यावर आजारी पडते. म्हणजे हे उपाय गुपचूप विष घालण्याच्याच जातीचे, फक्त आपल्याला ते स्वच्छतेचे वाटतात.

जाता जाता एक जुनी गोष्ट. प्लेगच्या काळात वऱ्हाड-मध्यप्रांतात काम करणारे अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे लष्करी डॉक्टर होते. ज्या गावांत मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी, असे त्यांना दिसले आणि १९०८ साली त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तसा लेखच लिहिला. पुढे कळले की मांजरालाही प्लेग होतो, तेव्हा तो उपाय वाटला तितका सरळ नव्हता. पण मांजर आपल्या वस्तीत कशासाठी आले याची आठवण त्यातून होते. आमच्याकडे वालधुनीच्या बाजूने घुशी येतात. काकूंची मांजरे घुशीच्या वाटेला जात नाहीत, पण उंदीर मी गेल्या कित्येक वर्षांत घरात पाहिलेला नाही. हे श्रेय मी त्यांना कधी दिले नव्हते.

मग मी जे केले ते सांगतो, कारण वाचकांपैकी निम्मे त्यासाठीच इथवर आले असतील. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून ती मातीखाली इंचभर पुरली. रोप जाळीतून वर येते, पंजा मात्र अडकतो. कुंड्यांत वर गोटे आणि करवंट्यांचे तुकडे पसरले. गुलाबाच्या आणि बोरीच्या छाटलेल्या फांद्या तुळशीभोवती टाकल्या. माती संध्याकाळी ओली करून ठेवू लागलो, कारण मांजराला कोरडी, सैल माती लागते. जुन्या जागा गरम पाण्याने आणि नंतर पातळ केलेल्या व्हिनेगरने धुतल्या. वास राहिला तर ते पुन्हा तिथेच येते. संत्र्याच्या साली दोन दिवस चालल्या, तिसऱ्या दिवशी सुकल्या. पंधरवड्यात कोथिंबिरीची कुंडी सुटली. पण मांजरे अळूत जाऊ लागली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांना 'इथे नको' एवढेच सांगत होतो. 'मग कुठे' याचे उत्तर कोणीच देत नव्हते. एका रविवारी गच्चीवर जाऊन खाली पाहिले. आमच्या मागच्या बाजूला पूर्वी मातीचे अंगण होते, तिथे गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक. काकूंच्या इमारतीच्या मागे चिंच होती, तिथे लादी. समोरच्या चाळीचा पुनर्विकास झाला, तिथे काँक्रीट. नजर पोचेल तिथवर उघडी माती म्हणावी तर माझी सहा फुटी पट्टी. ही मांजरे माझ्यावर सूड उगवत नव्हती. त्यांना दुसरीकडे जायला जागाच ठेवलेली नव्हती, आणि आमच्या मागच्या पेव्हर ब्लॉकची वर्गणी मीही भरली होती.

पुन्हा काकूंकडे गेलो. या वेळी बायकोला पुढे केले. तिने सरळ सांगितले, "काकू, पोरीचे दिवस भरत आलेत. मला भीती वाटते." काकूंना मुलीचे दिवस राहिल्याचे ठाऊक होते, पण मांजराचा आणि त्याचा संबंध मी त्यांना सांगितलाच नव्हता! त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायचं नाही का? मी मेली समजत होते, तुम्हाला झाडांची पडलीय."

बांधकामाची उरलेली रेती चाळून दोन घमेली भरली आणि त्यांच्या मागच्या व्हरांड्यात ठेवली. वर पहिले चार दिवस माझ्याच बागेतली थोडी वासाची माती पसरली, म्हणजे मांजरांना पत्ता कळावा. रोज सकाळी घमेली साफ करायचे काम काकूंच्या कामवालीने नाकारले, तेव्हा ते माझ्याकडे आले. तिन्ही मांजरांची नसबंदी करून आणली, खर्च अर्धा-अर्धा. त्यातल्या बोक्याने भिंतीवर पिचकाऱ्या मारणे जवळजवळ बंद केले. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा आणि एका वेळी तीन-चार पिल्ले, हा हिशोब काकूंना मी मांडून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं गणित तुम्हाला वर्गणीच्या वेळी का येत नाही?"

मुलीची रक्ततपासणी करून घेतली. पूर्वी कधीतरी लागण होऊन गेल्याची खूण त्यात सापडली. म्हणजे आता बाळाला सहसा धोका नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुठून झाली असेल कोण जाणे. बारशाला काकू आल्या, आणि संक्रांतीची राहिलेली वाटी त्यांनी श्रावणात आणून दिली, तिळगुळासकट.

गेल्या आठवड्यापासून अळूत पुन्हा माती उकरलेली दिसते आहे. हा करड्या रंगाचा दांडगा बोका काकूंचा नाही. रुळांच्या बाजूने येतो. कोणाचा आहे याची चौकशी चालू आहे. तोवर काकूंच्या सांगण्यावरून एक तिसरे घमेले भिंतीलगत ठेवले आहे.