आजीच्या आठवणीतली बाळं



या वेळी कोड आणि ॲप्स बाजूला ठेवून रक्ताच्या एका प्रयोगशाळेविषयी लिहितोय.

आमचं मूळ गाव बोथ, जिल्हा आदिलाबाद. आजीच्या पिढीतल्या बायकांना मुलं किती असं विचारलं, की उत्तर यायचं, "आठ झाली, पाच राहिली." राहिली नाहीत, त्यांची कारणंही ठरलेली. बाळसं धरलं नाही, दृष्ट लागली, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. त्यातली बरीच बाळं जुलाब, गोवर, न्यूमोनियानं गेली असतील. पण एकाच घरात एकामागून एक बाळ तशाच आजारानं गेलं असेल, तर कारण जन्मजात असू शकतं. आणि ते आता शोधता येतं.

हे शोधण्याच्या कामात डॉ. मनीषा मडकईकर यांनी अनेक वर्षं घातली आहेत. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी' आहे. १९५७ मध्ये रक्तगटांचं केंद्र म्हणून ती सुरू झाली. या संस्थेचं संचालकपद त्यांनी सांभाळलं आहे. त्यांचा विषय म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं.

त्यांच्या हातातलं मुख्य साधन म्हणजे फ्लो सायटोमेट्री. थोड्याशा रक्तातल्या पेशी लेझरसमोरून एकेक करून जातात आणि कोणत्या प्रकारच्या किती आहेत, हे यंत्र मोजतं. 'स्किड' या सगळ्यात गंभीर प्रकारात टी-पेशी जवळजवळ नसतातच. अशा ५७ भारतीय रुग्णांचा अभ्यास त्यांच्या गटानं २०१९ मध्ये प्रसिद्ध केला.

निदान झालं की पुढचा उपाय स्टेम सेल प्रत्यारोपणाचा. १९६८ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गुड यांनी अशाच एका बाळाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा देऊन वाचवलं. भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, ते रक्ताच्या कर्करोगासाठी होतं. स्किडमध्ये खरी शर्यत वेळेशी असते. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतरही जिवंत होती. उशीर झाला, जंतुसंसर्ग झाला, की ही शक्यता घटते.

म्हणून पहिली तपासणी प्रयोगशाळेत होत नाही, ती घरात होते. आधीचं भावंडं तान्हेपणी गेलं का? आईचे भाऊ लहानपणीच गेले का? काही प्रकार आईकडून येतात आणि फक्त मुलग्यांमध्ये दिसतात, म्हणून मामांची चौकशी महत्त्वाची. असा इतिहास असेल, तर तो बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. बीसीजीची लस जिवंत जंतूंची असते आणि अशा बाळाला तीच बाधू शकते. बाकी कुणीही लस टाळू नये, हे मात्र नक्की.

साध्या सीबीसीतूनही सुगावा लागतो. तान्ह्या बाळाच्या लिम्फोसाइट पेशी ३,००० च्या खाली असतील, तर पुढची तपासणी हवी. ही चाचणी तालुक्याच्या गावीही होते.

आता जरा नाजूक विषय. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, आणि तेलुगू शेजाऱ्यांमध्ये तर मामा-भाचीचंही लग्न होतं. नात्यात लग्न झालं की तोच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. तसा तो दोघांकडे असेल, तर प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता २५ टक्के. गंमत म्हणजे, सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा पूर्ण जुळण्याची शक्यताही २५ टक्केच! ती जुळली नाही, तर आता अर्ध्या जुळणाऱ्या आईवडिलांकडूनही प्रत्यारोपण करता येतं.

याच संस्थेचं सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठीचं केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रपूरला सुरू झालं, म्हणजे आपल्या आदिलाबादच्या शेजारीच. आपल्या पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच समाजांत आढळतो. लग्नाआधी पत्रिका बघतो, तशी ही रक्ततपासणीही करून घ्यायला काय हरकत आहे?

सुट्टीत गावी जाल, तेव्हा आजीजवळ बसा. राहिली नाहीत त्या बाळांविषयी हळुवारपणे विचारा. किती महिन्यांची होती, काय झालं होतं, मुलगा की मुलगी, सगळं लिहून ठेवा. तिला इतकी वर्षं कुणी विचारलंच नसेल. आणि तुमच्या घरी पुढे जन्मणाऱ्या एखाद्या बाळाला ती माहिती वाचवू शकेल.

भेटू पुढच्या अंकात.