‘पार्ट बदलून बघू’ला रिपेअर म्हणू नका

कळव्याच्या आमच्या चाळीत एका संध्याकाळी आमचा बल्ब एवढा प्रखर पेटला की आता फुटतोय असं वाटलं. त्याच वेळी शेजारच्या काकूंचा पंखा मात्र रडत फिरत होता. काकूंनी नवा कपॅसिटर आणून बसवला, तरी पंखा तसाच. माझे बाबा वायरमन. त्यांनी बल्ब बघितला नाही की पंखा बघितला नाही, सरळ जिन्याखालच्या मीटर बॉक्सकडे गेले. न्यूट्रल ढिला होता. ‘‘वीज येते कुठून ते सगळे बघतात, परत जाते कुठून ते कुणी बघत नाही,’’ असं काहीतरी पुटपुटत त्यांनी स्क्रू आवळला. मी तेव्हा सातवीत होतो.

आता मी एएमईचा अभ्यास करतोय. ‘विमानाचं शिकतो’ म्हटलं की नातेवाईक मला पायलटच समजतात, मीही हल्ली दुरुस्त करत नाही. एएमई म्हणजे विमान तपासून ‘उडायला योग्य’ अशी सही करणारा इंजिनियर. डीजीसीएची मॉड्यूल्स एकेक करून द्यायची, आणि सोबत हँगरमध्ये ट्रेनी म्हणून घासायचं. हँगरचं नाव सांगत नाही, कारण जे सांगतोय ते तिथलंच आहे असं नाही.

तिथे एक सेस्ना १५२ होती. दोन सीटचं, शिकायचं विमान. हे मॉडेल १९७७ ते १९८५ याच काळात बनलं. म्हणजे सगळ्यात तरुण १५२ सुद्धा आज चाळिशीची, तिच्यावर शिकणाऱ्या पोरांच्या दुप्पट वयाची. तक्रार अशी : तासभर उडाल्यावर रेडिओ खरखरतो, ॲमीटरचा काटा नाचतो, लँडिंग लाइट लावला की लो-व्होल्टेजचा दिवा लुकलुकतो. जमिनीवर आणून बघावं तर सगळं ठणठणीत.

आधी बॅटरी बदलली. मग आल्टरनेटरचा व्होल्टेज कंट्रोल करणारा डबा बदलला. मग अख्खा आल्टरनेटर. प्रत्येक वेळी जमिनीवर इंजिन चालवून ‘चेक केलं, ठीक आहे’ अशी नोंद झाली आणि दोन दिवसांनी तीच तक्रार परत आली. चौथ्यांदा आली तेव्हा एक जुने सीनियर सर सुट्टीवरून परतले होते. त्यांनी काहीच बदललं नाही, फक्त मल्टिमीटर मागितला.

छोट्या विमानात बहुतेक ठिकाणी परतीची वेगळी वायर नसते, ॲल्युमिनियमची बॉडीच न्यूट्रलचं काम करते. पण इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडीमध्ये तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी असते, ग्राउंड स्ट्रॅप. आल्टरनेटरचा सगळा करंट याच वाटेने परत येतो. आम्ही ती पट्टी तपासली होती. मीटर बीप वाजला, आम्ही खूश. पण मीटर तपासताना सोडतो तो करंट अगदी नखाएवढा. पट्टीची एक तार शाबूत असली तरी बीप वाजणारच. कळव्याच्या खाडीपुलावरून पहाटे तीनला गेलात तर ट्रॅफिक नाही असंच म्हणाल. सकाळी नऊला जाऊन बघा.

सरांनी मीटरचं एक टोक इंजिनला, एक बॉडीला पक्कं लावलं आणि लांब वायरी काढून मीटर कॉकपिटात ठेवला, कारण फिरत्या पंख्याच्या आसपास हात नेणाऱ्याला सल्ला देण्यात अर्थ नसतो. इंजिन चालू, मग लँडिंग लाइट, रेडिओ, सगळं ऑन. जिथे जेमतेम शून्य दिसायला हवं तिथे इंजिन तापल्यावर एक व्होल्टच्या आसपास आकडा नाचायला लागला. पट्टी काढली तर बोल्टखाली पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखा गंज. आमच्या पावसाळ्याची कृपा.

मित्र म्हणतात, ‘एवढं काय, वीज गेली तरी इंजिन बंद पडत नाही ना?’ बरोबर आहे. स्पार्क मॅग्नेटो देतात, त्यांना बॅटरी लागत नाही. पण एकटा उडणारा स्टुडंट रेडिओविना, ट्रान्सपॉन्डरविना उरतो, फ्लॅप्सही विजेवर चालतात. शिवाय पट्टी पूर्ण तुटली तर स्टार्टरचा तगडा करंट दुसरी वाट शोधतो. कधी ती वाट थ्रॉटलची केबल असते, आणि ती जळू शकते. विमानातली वायर ही फुटकळ गोष्ट नाही. १९९८ मध्ये स्विसएअर १११ कॉकपिटच्या छतामागे वायरिंगमुळे लागलेल्या आगीत कोसळलं, २२९ माणसं गेली.

मग आपण मोजण्याऐवजी बदलतो का? आळस हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. विमान उभं राहिलं की पैसे थांबतात. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यामुळे पोरं सकाळी सातपासून ‘सर, आज उडेल ना?’ विचारत उभी असतात. नवा पार्ट लावला की काम झाल्यासारखं दिसतं. दोन तास मीटर धरून बसलेला माणूस रिकामा दिसतो. गंमत म्हणजे माझे दोन तास जवळजवळ फुकट होते, आल्टरनेटर नव्हता.

पार्ट बदलून बघणं नेहमी चूक असतं असंही नाही. चांगला माहीत असलेला पार्ट लावून बघणं हीसुद्धा एक टेस्टच आहे. पण मग नोंदवहीत तसं लिहा : बदलून पाहिलं, दोष गेला की नाही ते माहीत नाही. ‘ठीक आहे’ लिहिलं की पुढच्या शिफ्टचा माणूस शोधणंच थांबवतो. ‘दोष सापडला नाही’ लिहायला ट्रेनीला भीती वाटते, कारण ते अपयश मानलं जातं. माझा राग आहे तो यावर.

पायलट होणाऱ्यांनो, तुमचाही यात वाटा आहे. ‘रेडिओ प्रॉब्लेम’ एवढंच लिहून कॅन्टीनला पळू नका. किती वेळ उडाल्यावर झालं, काय काय चालू होतं, काटा कुठे होता, पाऊस होता का, हे लिहा. आणि उडालेला ब्रेकर दाबून धरून ठेवू नका. तो काहीतरी सांगत असतो.

कॉलेजांकडून एवढंच हवंय : प्रॅक्टिकलला कोरं करकरीत वायरिंग देऊ नका. गंजलेलं, मुद्दाम बिघडवलेलं द्या आणि स्टोअरला कुलूप लावा. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘आणि लाइट लावून तपासायला सांग, बंद असताना सगळंच चांगलं असतं.’’